पत्रा कुणी मारला?

गेल्या रमजानमधली दुपार. असर व्हायला अजून वेळ होता आणि अब्बा बाजेवर आडवे पडून पंख्याकडे बघत होते. काम सुटल्यापासून रोजातली दुपार त्यांना फार लांब वाटते. पूर्वी रोजा असला तरी ते शेडवर असायचे, हातोडीच्या नादात मगरिब कधी यायची ते कळायचं नाही असं म्हणायचे. मी शेजारी मोबाईल चाळत बसलो होतो. एका जुन्या गाडीचा फोटो समोर आला आणि माझा अंगठा थांबला. गाडी म्हणावी तर होती, पण मागच्या बाजूने दोन मोठे पंख उठलेले आणि वर जाऊन आत वळलेले. पुढून मासा, मागून वटवाघूळ. मी मोबाईल अब्बांच्या डोळ्यांसमोर धरला.

अब्बा उठून बसले. चष्मा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "किसने बनाया?"

मी खाली लिहिलेलं नाव वाचून सांगितलं. अब्बांना ऐकू येत नाही, त्यामुळे कानाजवळ जाऊन दोनदा ओरडावं लागलं. फ्रांको स्काल्योने. इटलीचा माणूस.

अब्बांनी मान हलवली. "वो तो कागज पे बनाया. पत्रा किसने मारा?"

मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न गेले वर्षभर माझ्या डोक्यात आहे, म्हणून हे लिहितोय.

आमच्या अब्बांचा धंदा डेंटिंगचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याचं शेड, पुढे चिंचेचं झाड, आत दोन-तीन ठोकलेल्या गाड्या. चेपलेलं मडगार्ड, दुमडलेलं बोनेट, आत गेलेला दरवाजा सरळ करायचा. बाहेरून हातोडी, आतून डॉली. डॉली म्हणजे मुठीत मावणारा लोखंडी ठोकळा, हातातली ऐरणच म्हणा. पत्रा त्या दोघांच्या मध्ये. पंचेचाळीस वर्षं अब्बांनी हेच केलं आणि त्या आवाजाने त्यांचे कान गेले. उजवा आधी गेला, डावा मागून. कानात बोळे घालायला लोक सांगायचे, पण अब्बा म्हणायचे की बोळे घातले तर पत्रा काय बोलतो ते कळणार कसं? ते खरंही होतं. या धंद्यात डोळ्याइतकाच कान लागतो. कानावरच काम चालायचं आणि त्या कामानेच कान खाल्ला.

आता त्या गाडीबद्दल. ती एक नव्हती, तीन होत्या. इटलीतल्या तुरीन शहरात दरवर्षी मोटारींचं प्रदर्शन भरायचं, तिथे १९५३, १९५४ आणि १९५५ अशी सलग तीन वर्षं एकेक गाडी आली. नावं बॅट ५, बॅट ७, बॅट ९. 'बर्लिनेत्ता एरोदिनामिका तेक्निका' या इटालियन शब्दांची ती आद्याक्षरं. पंख बघून वटवाघूळ आठवतं तो निव्वळ योगायोग. काम अल्फा रोमिओ कंपनीचं, बांधणी तुरीनच्या बेर्तोने या कारखान्याची, आरेखन स्काल्योनेचं. अल्फाला बघायचं होतं ते एवढंच, की वेगातल्या गाडीला हवा किती मागे ओढते आणि नुसत्या आकाराने ती ओढ किती कमी करता येते. इंजिन नवं घ्यायचं नाही. अल्फाची जी १९०० नावाची साधी घरगुती गाडी बाजारात होती, तिचाच सांगाडा, तिचंच चार सिलिंडरचं इंजिन, सुमारे शंभर हॉर्सपॉवरचं. वरचं अंग तेवढं नवं.

युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. अल्फाच्या मिलानमधल्या कारखान्यावर बॉम्ब पडले होते. देशात पैसा नव्हता, पेट्रोल महाग होतं. मोठं इंजिन बनवायची ऐपत नसेल तर हवेशी भांडण कमी करावं, हा गरिबाघरचा हिशेब मला फार आवडतो. अमेरिकेत त्याच काळात गाड्यांना शेपट्या फुटल्या त्या बहुतेक नुसत्या मिरवायला. इथे शेपटीला काम होतं.

ते काम काय, हे मला एसटीने कळलं. लहानपणी आजोळी जाताना कच्च्या रस्त्यावर एसटीची मागची काच धुळीने माखलेली असायची. पुढची स्वच्छ आणि मागची लाल. धूळ तर चाकांतून उडते आणि गाडी पुढे जाते, मग ती मागच्या काचेवर चढते कशी? कारण बसचं मागचं अंग भिंतीसारखं सपाट. पुढून कापलेली हवा बाजूंनी आणि टपावरून मागे येते, पण त्या भिंतीपाशी तिला एकदम वळता येत नाही. मागे हवा विरळ होते, भोवरे उठतात, धूळ त्यात ओढली जाते. आणि नुसती धूळच नाही, बससुद्धा मागे ओढली जाते. गाडीला हवा पुढून ढकलून अडवते असं आपल्याला वाटतं. खरी खोडी ती मागे करते.

वेग वाढला की ही खोडी भलतीच वाढते. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद आठपट. म्हणजे इंजिन मोठं करत जाण्याला अंतच नाही. स्काल्योनेने उलट बाजूने सुरुवात केली. गाडीचं अंग मागे हळूहळू निमुळतं होत जाईल असं केलं, मागची चाकं पत्र्याने झाकली, पुढची काच टपात अशी मिसळली की मध्ये पायरी राहू नये. आणि ते दोन पंख आत वळवले, म्हणजे बाजूंनी आलेली हवा वरच्या हवेत घुसून भोवरे करण्याऐवजी पंखाला धरून शांतपणे मागे निघून जाईल. हवेच्या विरोधाचा एक आकडा असतो. त्या काळच्या साध्या गाड्यांचा तो ०.४५ च्या आसपास किंवा त्याहून जास्त असे. बॅट ५ चा ०.२३ सांगतात, बॅट ७ चा ०.१९. आजच्या चांगल्या गाड्यासुद्धा पावाच्या खाली आल्या तर कंपन्या जाहिरात करतात. त्या शंभर हॉर्सपॉवरवर बॅट ५ ताशी २०० किलोमीटरपर्यंत जायची.

तेव्हा संगणक नव्हते. गाडीच्या अंगावर लोकरीचे धागे चिकटवायचे, ती मोकळ्या रस्त्यावर पळवायची आणि बाजूने दुसऱ्या गाडीतून फोटो काढायचे, ही त्या काळची चाचणी. धागा अंगाला चिकटून सरळ मागे गेला तर हवा खूश. धागा फडफडला तर तिथे भोवरा आहे. मी हे अब्बांना सांगितलं तेव्हा ते हसले. पेंट मारण्याआधी पत्र्यावरून ओला हात फिरवून ते खळगे शोधायचे, डोळ्याला न दिसणारे. "एकच बात है," म्हणाले.

त्या दिवशी अब्बांनी फोटो मोठा करायला लावला. दोन बोटांनी मोबाईलवर मोठा कसा करायचा ते त्यांना जमत नाही, मीच करत होतो. पंखाच्या बुडाशी या. आता वर. आता मागून दाखव. गाडी आवडल्याचं ते एकदाही म्हणाले नाहीत. ते सांधा शोधत होते. एवढा वाक एका पत्र्यात येत नाही, तुकडे जोडलेले असणार, मग जोड कुठे आहे? "लांबी भरली असेल," मी म्हटलं. लांबी म्हणजे पत्र्यावरचे खळगे बुजवायची पुट्टी. अब्बांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी रोज्यात बिडी मागितली. लांबी भरून झाकणाऱ्याला अब्बा डेंटर मानतच नाहीत.

मग मी शोधायला लागलो. आधी नाव मिळालं त्या माणसाचंच वाचलं, आणि तिथे एक गोष्ट सापडली जिच्यामुळे दोन रात्री नीट झोप लागली नाही. फ्रांको स्काल्योने १९१६ साली फ्लॉरेन्समध्ये जन्मला, विमानविद्या शिकायला गेला, आणि युद्ध सुरू झाल्यावर लिबियाच्या मोर्चावर. डिसेंबर १९४१ मध्ये तोब्रुकजवळ इंग्रजांनी त्याला पकडलं. आणि कैदी म्हणून पाठवलं ते हिंदुस्थानात! कांगडा खोऱ्यात, धरमशालेच्या खाली योल नावाचं ठिकाण आहे, तिथे इटालियन अधिकाऱ्यांची मोठी छावणी होती. हजारो माणसं. स्काल्योने १९४६ च्या शेवटी घरी परतला. म्हणजे पंचविसाव्या वर्षी पकडला गेला आणि तिशीत सुटला. माणसाची काम शिकायची, लग्न करायची, नाव काढायची जी पाच वर्षं असतात ती त्याने धौलाधारच्या पायथ्याशी तारेच्या कुंपणात काढली.

कांगड्याच्या आभाळात घिरट्या घालणारी घार बघून त्याला ते पंख सुचले, असं लिहायचा मोह मला झाला. लेख छान झाला असता. पण तुरुंगात काढलेली पाच वर्षं ही पाच वर्षंच असतात, त्यांना उगाच शोभा आणू नये. एवढं मात्र खरं, की सुटून आल्यावर त्याच्या हातात ना नोकरी होती ना पुरी झालेली पदवी. पोटासाठी त्याने काही काळ बायकांच्या कपड्यांची डिझाईन्स काढली. गाड्यांचं काम शोधत तो तुरीनला आला तेव्हा पस्तिशीला टेकला होता. आणि त्यानंतर दोनच वर्षांत बॅट ५.

ही उंची फार टिकली नाही. १९५९ मध्ये तो बेर्तोनेमधून बाहेर पडला. पुढेही त्याने अफाट गाड्या काढल्या. १९६७ ची अल्फा ३३ स्त्रादाले त्याचीच, तिच्या जेमतेम १८ गाड्या बनल्या. पण मोठी नावं कारखान्यांची राहिली. शेवटी तो टस्कनीतल्या सुवेरेतो या लहानशा गावी जाऊन राहिला आणि १९९३ मध्ये गेला तेव्हा मोटारींच्या दुनियेला त्याचा जवळजवळ विसर पडला होता. आता पुस्तकांत त्याचं नाव आलं आहे. उशिरा आलं.

पण अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याही एक पायरी खाली आहे. इटालियनमध्ये पत्रा ठोकणाऱ्याला 'बात्तिलास्त्रा' म्हणतात. शब्दश: पत्रा-मारा. आपल्याकडच्यासारखाच. तुरीनच्या कारखान्यांत अशी माणसं होती ज्यांच्यासमोर लाकडाचा साचा ठेवला जायचा आणि ती हातोडीने पत्रा त्या साच्यावर बसवायची. बॅट ७ चे ते पंख कुठल्या यंत्राने दाबून निघालेले नाहीत. कुणीतरी तासन् तास, कानठळ्या बसवून घेत, तो वाक एकेका ठोक्याने आणला. मी वाचलेल्या लेखांत गाडीच्या मालकांची यादी आहे, लिलावाची तारीख आहे, टायरचं माप आहे. त्या माणसांचं नाव नाही.

इथे मला माझं एक सांगायला हवं.

आठवीत असताना शाळेत एक फॉर्म भरायचा होता. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी लिहिलं, 'ऑटोमोबाईल इंजिनीअर'. वर्गात ज्यांचे वडील गॅरेजवाले त्या पोरांना काय काय ऐकावं लागायचं ते मला माहीत होतं. त्यात आमचं नाव मुसलमानाचं, म्हणजे पंक्चरवाल्याचा विनोद ठरलेलाच. सरांनी फॉर्मवर पालकांची सही आणायला सांगितली. अब्बांना वाचता येतं, हे मी कसं कोण जाणे विसरलो होतो. त्यांनी तो रकाना वाचला. काही बोलले नाहीत. सही केली, पेन खिशाला लावलं आणि जेवायला बसले. मी पुढे शिकलो, प्राध्यापक झालो, सभांमधून कष्टकऱ्यांच्या बाजूने बऱ्यापैकी बोलतो. पण मी शेडवर त्यांच्या शेजारी बसून एकदाही डॉली हातात धरली नाही. त्यांनीही कधी धर म्हटलं नाही. त्या सहीनंतर तर नाहीच.

म्हणून त्या रमजानच्या दुपारी ते "पत्रा किसने मारा" म्हणाले तेव्हा मला तो रकाना आठवला. त्यांना आठवला की नाही, विचारलेलं नाही.

आणखी एक जोड सापडला, तो मी अब्बांना लगेच सांगितला कारण तो आनंदाचा होता. अब्बांचं अर्धं आयुष्य ज्या गाडीवर गेलं ती फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची, पुढे पद्मिनी म्हणून मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, ती. तिचं मूळ म्हणजे फियाटची ११००, जी नव्या रूपात १९५३ मध्ये आली. तुरीनचीच. म्हणजे बॅट ५ आणि अब्बांची फियाट एकाच गावच्या, एकाच सालच्या. आमच्याकडे आली त्या फियाटच्या मागच्या मडगार्डांना दोन बारक्या शेपट्या होत्या, आठवत असतील तुम्हाला. त्या शेपट्या ठोकून ठोकून अब्बांच्या हाताला पाठ झाल्या होत्या. मी हे सांगितल्यावर अब्बा म्हणाले, "मतलब ये अपनी फियाट की आपा है." आणि आतल्या खोलीतल्या अम्मीला मोठ्याने हाक मारून फियाटच्या आपाची बातमी सांगितली. ऐकू न येणारी माणसं बातमी फार मोठ्याने सांगतात. शेजारच्यांनाही कळली.

पुढची हकिकत मात्र त्यांना आवडली नाही. तिन्ही गाड्या अमेरिकेत पोचल्या आणि वेगवेगळ्या हातांत गेल्या. बॅट ७ च्या एका मालकाला आरशातून मागचं दिसेना, म्हणून त्याने ते पंख कापून टाकले.

"काटा?" अब्बांनी विचारलं.

मी मान हलवली. नंतर बऱ्याच वर्षांनी ते पुन्हा घडवून जोडले, हेही सांगितलं. अब्बांनी पुन्हा फोटो मागितला आणि पंखाच्या बुडाशी बोट ठेवून बघत राहिले. तीन गाड्या पुढे एकाच संग्रहात आल्या आणि ऑक्टोबर २०२० मध्ये न्यूयॉर्कला एकत्र लिलावात निघाल्या. तो लिलाव मोटारींचा नव्हता. चित्रांचा, आधुनिक कलेचा होता. किंमत आली १ कोटी ४८ लाख डॉलर, आपले शंभर कोटींवर. चित्राखाली चित्रकाराची सही असते, कोपऱ्यात का होईना. पत्र्यावर सही कुठे करणार, वरून पेंटच बसतो.

ईदनंतरच्या पहिल्या रविवारी अब्बा म्हणाले, शेडवर चल. कुलूप गंजलं होतं, तेल सोडून उघडावं लागलं. आत जुन्या फियाटचा एक दरवाजा भिंतीला टेकून ठेवला होता. त्यांनी त्याचा खालचा सडका भाग कापायला लावला आणि वरचा चांगला पत्रा वेगळा केला. हात दोन इंच उंचीचा तुकडा. काय करायचं आहे ते बोलले नाहीत, पण खिशातून माझ्या कॉलेजच्या प्रिंटरवर काढलेला बॅट ७ चा फोटो निघाला. घडी घालून घालून पंखाच्या मधोमध पांढरी रेघ उमटली होती.

वाळूची पिशवी खाली, लाकडी मोगरी हातात. पहिला वाक त्यांनी तसाच घातला. हात कापतो त्यांचा आता. ठोका जिथे पडायचा तिथून बोटभर सरकतो. मग मोगरी ठेवून हातोडी घेतली, डॉली मागून लावली आणि दोन ठोके मारून थांबले. पुन्हा दोन मारले. माझ्याकडे बघितलं. डॉली हातोडीच्या बरोबर खाली असली की पत्रा टणकन बोलतो, जरा चुकली की आवाज बसका येतो. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्याचा अर्थ असतो हे मला त्या दिवशी कळलं. अब्बांना आता दोन्हीतला फरक ऐकू येत नव्हता.

त्यांनी डॉली माझ्या हातात दिली. बरीच जड होती. पत्र्याच्या मागे कुठे धरायची ते माझं मनगट पकडून दाखवलं.

"मैं मारता. तू सुन के बता. टण आया के ठप आया?"

पहिला ठप आला. मी हाताने खूण केली. त्यांनी माझं मनगट बोटभर वर सरकवलं आणि पुन्हा हातोडी उचलली.